रेघ कोणाची

तिसरी मूर्ती परत आली, तेव्हा नंदूशेठने ती काही न बोलता प्रमिलाच्या पुढ्यात आणून ठेवली. नंदूशेठ, म्हणजे नंदकुमार समेळ, हा पेणमधल्या त्या गणपतीच्या कारखान्याचा मालक. एरवी एकदा बोलायला लागला की आवरता आवरत नसे. त्यामुळे त्याचे गप्प राहणे प्रमिलाला जास्त लागले.

"पुण्याचा व्यापारी काय म्हणाला?" शेवटी तिनेच विचारले.

"म्हणाला, बाप्पा दमलेला वाटतो."

तिने मूर्ती खिडकीच्या उजेडाकडे फिरवली. वरच्या पापणीची रेघ नाकाकडून कानाकडे जाताना शेवटी किंचित वर उचलली गेली पाहिजे. इथे ती किंचित खाली उतरली होती. फरक केसाएवढा होता, पण त्या केसाएवढ्या फरकाने देवाच्या तोंडावर दिवसभर कचेरीत राबून आलेल्या माणसाची कळा आली होती. व्यापाऱ्याचे काही चुकले नव्हते.

"ही रेघ मी अशी काढली नाही," प्रमिला म्हणाली.

"मग कुणी काढली, ताई?" नंदूशेठने अगदी मऊ आवाजात विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता तो निघून गेला.

प्रमिला कडू त्या कारखान्यात चौतीस वर्षे डोळ्यांची आखणी करत होती. एवढ्या काळात कारखान्याचे रूप पार पालटले होते. शाडूची मूर्ती आता यंत्र थरावर थर देऊन उभी करत असे, अंगाचा रंग दुसरे यंत्र फवारत असे. डोळे मात्र माणसाच्याच हातचे हवेत, असा गिऱ्हाइकांचा हट्ट होता. तसे का, हे एकालाही धड सांगता आले नसते. पण गिऱ्हाइकाच्या हट्टापुढे यंत्र विकणाऱ्यांनीही हात टेकले होते. त्यामुळे चांगली आखणी करणाऱ्याला पेणमध्ये अजून मान होता. प्रमिलाची आखणी चांगली होती आणि हे तिला कुणी सांगावे लागत नव्हते.

मग साठीच्या उंबरठ्यावर तिचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजू लागली, मग ब्रश. डॉक्टर म्हणाले, हा कंप पुष्कळांना होतो, जिवाला काही धोका नाही. जिवाला नसला तरी हातच्या कामाला आहे, हे त्यांना समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. तेव्हा तिच्या एकुलत्या एक लेकीने, केतकीने, तिला एक पट्टा आणून दिला. केतकी बंदरावर नियंत्रणकक्षात होती. माणसांवाचून चालणाऱ्या क्रेनवर लक्ष ठेवायचे आणि काही बिघडले की क्रेनच्या नोंदी वाचून चूक कुणाची ते सांगायचे, हे तिचे काम. पट्ट्याचे नाव 'धीर'. अशी नावे ठेवायला कंपन्या पगारी माणसे बाळगतात.

कोपराखाली बांधायचा हा पट्टा खरोखरच करामती होता. हात हलवायचा तर मेंदूची आज्ञा विजेच्या सूक्ष्म लहरींच्या रूपाने स्नायूंपर्यंत येते आणि त्यानंतर हात प्रत्यक्ष हलायला सेकंदाचा विसावा-पंचविसावा भाग लागतो. तेवढ्या सवडीत पट्टा ती आज्ञा वाचून घेई. कंपाच्या लहरीला ठरावीक ताल असतो, सेकंदाला पाच-सहा झटके. माणसाच्या मनातल्या हालचालीला असा ताल नसतो. पट्टा या दोन्ही गोष्टी निवडून वेगळ्या काढी आणि कंपाच्या प्रत्येक झटक्याला नेमका उलटा झटका देई. दोन्ही झटके एकमेकांत जिरले की उरे ती फक्त माणसाला हवी असलेली हालचाल. पहिल्यांदा पट्टा बांधून प्रमिलाने पापणी काढली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. तो सबंध हंगाम छान गेला.

बिनसले ते दुसऱ्या वर्षी. मार्चमध्ये पट्ट्यात नवी आवृत्ती आपोआप उतरली. हिरवा दिवा लागला, 'तुमचा धीर आता अधिक हुशार झाला आहे' असा निरोप आला, आणि आषाढ लागेपर्यंत दमलेले बाप्पा परत यायला सुरुवात झाली.

कंपनीच्या मदतक्रमांकावर बोलणारे माणूस नव्हते, पण माणसापेक्षा जास्त अदबीने बोलत होते. गैरसोयीबद्दल त्याने चार वेळा क्षमा मागितली आणि मग केतकीच्या फोनवर एक तक्ता पाठवून दिला. त्याला कंपनी 'हेतू-नोंद' म्हणे. पट्टा प्रत्येक रेघेची नोंद ठेवतो, हे प्रमिलाला तेव्हाच कळले. तक्त्यात निळी रेघ होती, ती प्रमिलाला काढायची होती ती. लाल रेघ होती, ती प्रत्यक्ष निघाली ती. दोन्ही एकावर एक तंतोतंत बसत होत्या आणि शेवटी दोन्ही खाली उतरत होत्या.

केतकीने तक्ता मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तरी ती उठली नाही.

"आई, पट्ट्याने तुझं ऐकलंय गं," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे मीच मुद्दाम पापणी पाडली?"

"मुद्दाम नाही. पण हाताला आज्ञाच तशी गेली असेल. वय होतं, लक्ष जातं. त्यात काही..."

"मी तुला सांगतेय ना, माझ्या मनात रेघ वर होती."

"मनात काय होतं ते नोंदीत दिसतंच आहे."

केतकी वाईट मुलगी नव्हती. रोज आठ तास ती हेच काम करत होती. माणसे काहीही सांगतात, नोंद सांगत नाही, असे तिला शिकवले होते आणि आजवर तिला त्याचा अनुभवही तसाच आला होता. पण त्या दिवशी आईला काय लागले हे तिला समजले नाही. चौतीस वर्षे प्रमिलाच्या मनातली रेघ आणि पाटावरची रेघ यांच्यात कुणी तिसरे नव्हते. आता मनातल्या रेघेचा पुरावा दुसऱ्याकडे होता आणि तिची स्वतःची लेक तो वाचून दाखवत होती. प्रमिला उठली आणि तिने कुकर खाली उतरवला.

श्रावण लागेपर्यंत एकोणीस मूर्ती परत आल्या. नंदूशेठने आखणीची बैठक दुसऱ्या एका बाईला दिली आणि प्रमिलाला पीतांबराच्या काठांवर बसवले. काठाची रेघ थोडी इकडेतिकडे झाली तरी कुणी मूर्ती परत आणत नाही. "या हंगामापुरतं," तो म्हणाला. दोघांनाही ठाऊक होते की असे काही हंगामापुरते नसते.

पनवेलच्या सेवाकेंद्रात खेटे घालताना तिच्या नाकी नऊ आले. पाच वेळा ती गेली. दर वेळी तिथला मुलगा पट्टा तपासी, तिच्याकडून कागदावर रेघा काढून घेई, आणि दर वेळी रेघा सरळसोट येत. "मावशी, वस्तू उत्तम आहे," तो म्हणे. शिवाय वॉरंटी वर्षाची होती आणि ती संपून गेली होती. जुनी आवृत्ती परत घाला म्हटले, तर ती कंपनीकडे आता मिळत नव्हती.

सहाव्यांदा जायचे तिने सोडून दिले, कारण तिला सर्दी झाली. नाक पार चोंदले होते. त्या आठवड्यात आखणी करणारी बाई गावी गेलेली आणि एका माणसाला मूर्ती तातडीने हवी होती, म्हणून नाइलाजाने नंदूशेठने ती प्रमिलापुढे ठेवली. तिने तोंडाने श्वास घेत, धापा टाकत, कशीबशी पापणी काढली.

रेघ वर उचलली गेली. अगदी हवी तशी.

ती कितीतरी वेळ त्या डोळ्याकडे बघत बसली. मग दुसरा डोळा काढला. तोही नीट आला. आज वेगळे काय झाले याचा ती विचार करू लागली, आणि उत्तर तिच्या नाकाशीच होते.

पेणमध्ये आखणी शिकवतात ती श्वासापासून. ब्रश टेकला की श्वास धरायचा, रेघ संपली की सोडायचा. प्रमिलाच्या सासऱ्यांनी तिला पहिले तीन महिने रंग दिलाच नव्हता. नुसता कोरडा ब्रश आणि श्वास. छाती हलली की हात हलतो, हात हलला की देव वेगळाच दिसायला लागतो, असे त्यांचे म्हणणे. आज चोंदलेल्या नाकामुळे तिला श्वास धरताच आला नव्हता. सेवाकेंद्रातही ती कागदावर साध्या रेघा काढत होती, त्या मुलाशी बोलत होती, श्वास चालू होता. म्हणून तिथे पट्टा पाच वेळा शहाण्यासारखा वागला.

केतकीने हे ऐकले, तेव्हा आधी तिचा विश्वास बसला नाही. मग तिने आईला समोर बसवले, घड्याळ लावले आणि वीस रेघा काढून घेतल्या. दहा श्वास धरून, दहा सोडून. धरलेल्या दहाही खाली उतरल्या. केतकीने त्या रात्री कंपनीचे सगळे कागद वाचून काढले. नव्या आवृत्तीत कंप अधिक अचूक ओळखावा म्हणून पट्टा श्वासाच्या लयीचाही आधार घेऊ लागला होता. श्वास चार सेकंदांहून जास्त थांबला की पट्ट्याला वाटे, आपण हातावर नीट बसलेलो नाही. मग तो प्रमिलाच्या आज्ञा वाचणे सोडून देई आणि लाखो गिऱ्हाइकांच्या रेघांची सरासरी काढून अंदाजाने हात पुढे नेई. लाखो लोक लिहितात, सह्या करतात, भाजी चिरतात. त्यांची रेघ शेवटी खाली येते.

"आणि निळी रेघ?" प्रमिलाने विचारले. "ती माझ्या मनातली होती ना?"

"नाही," केतकी म्हणाली. "तोही पट्ट्याचाच अंदाज. आधी अंदाज करायचा आणि मग तोच तुझा हेतू म्हणून लिहून ठेवायचा. चोरानेच पंचनामा लिहावा तसं."

तिने माफी मागितली नाही. आईच्या शेजारी जाऊन बसली आणि तिचा थरथरणारा हात आपल्या मांडीवर घेतला. प्रमिलाला तेवढे पुरले, आणि पुरले नाहीही.

कंपनीला हे कळवल्यावर उत्तर ताबडतोब आले. माहितीपुस्तिकेचे पान सत्तेचाळीस पाहावे. 'वापरताना श्वासोच्छ्वास नैसर्गिक ठेवावा.' ग्राहकाने सवय बदलावी. प्रमिलाने तेही करून पाहिले. रेघ अर्धी होईपर्यंत ती आठवणीने श्वास घेई, पण पापणीचे टोक जवळ आले की श्वास आपोआप थांबे. छातीला कसे सांगायचे, हे काही पुस्तिकेत नव्हते.

मग तिने अलिबागला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील घेतला नाही, अर्ज केतकीने लिहिला. मागणीच्या रकान्यात प्रमिलाने एकच वाक्य घालायला लावले, 'त्या एकोणीस मूर्तींवरच्या रेघा माझ्या हातच्या नव्हत्या, असे कंपनीने लेखी द्यावे.'

"आई, भरपाई तरी माग."

"घाल तुला घालायची तर. पण हे आधी."

सुनावणी मार्गशीर्षात लागली. आयोगाच्या अध्यक्षा तरन्नुम मुकादम पन्नाशीच्या होत्या आणि सकाळपासून बिघडलेल्या वस्तूंच्या कहाण्या ऐकून त्यांचा चेहरा त्या एकोणीस बाप्पांसारखाच झाला होता. कंपनीतर्फे एक वकील आणि कौशिक नावाचा तरुण अभियंता आला होता. टेबलावर नंदूशेठकडून आणलेली बिनडोळ्यांची सहा मुंडकी मांडली होती. सगळ्यांसमोर प्रमिलाने पट्टा बांधून तीन पापण्या श्वास धरून काढल्या, तीन श्वास घेत. पहिल्या तिन्ही उतरल्या. पुढच्या तिन्ही तिने मोठ्या कष्टाने, एकेका श्वासाशी भांडत काढल्या, पण नीट काढल्या.

वकील उठले. "आमचं म्हणणं यातूनच सिद्ध होतं. वस्तूत दोष नाही. तक्रारदार बाई ती नेहमीच्या पद्धतीने वापरत नाहीत. विक्रीआधी आठशे लोकांवर चाचणी झाली. कप धरणं, बटण लावणं, जेवणं, लिहिणं. कुणालाही त्रास झाला नाही. श्वास कोंडून धरणं हा नेहमीचा वापर म्हणता येणार नाही."

"या चाचण्या कुणी घेतल्या?" अध्यक्षांनी विचारले.

"मी होतो त्यात," कौशिक म्हणाला.

"लोक चाचणी देताना गप्प होते?"

"नाही मॅडम. त्यांना मोकळं वाटावं म्हणून आम्ही त्यांच्याशी सतत बोलत होतो."

अध्यक्षांनी कारकुनाकडे पाहिले. आयोगाचे सगळे काम पडद्यावर चालत असले, तरी मूळ कागदांचे गठ्ठे तिथे अजून सुई-दोऱ्याने शिवत. त्यांनी ती सुई मागवून घेतली आणि कौशिकच्या पुढे केली.

"जरा ओवून द्या."

कौशिक गोंधळला, पण त्याने सुई घेतली. दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले, सुई डोळ्यांसमोर धरली. पहिल्यांदा टोक बाजूने गेले. दुसऱ्यांदा त्याने मान पुढे काढली. दालनात कुणी हलत नव्हते. दोरा आत गेला आणि त्याने सुस्कारा टाकला. त्याच्याबरोबर कारकुनाने टाकला, वकिलांनीही टाकला.

"किती वेळ श्वास घेतला नव्हतात?" अध्यक्षा म्हणाल्या.

कौशिकने सुईकडे पाहिले, मग प्रमिलाकडे. तो प्रामाणिक मुलगा होता. "लक्षात नाही आलं, मॅडम."

"त्यांच्याही येत नाही. ज्याचा हात कापतो त्याला तुम्ही हा पट्टा विकता. हात स्थिर ठेवायचा असला की माणूस करतो काय, हे तुम्ही आठशे लोकांशी गप्पा मारता मारता बघायचं विसरलात."

निकाल फाल्गुनात लागला. वस्तूच्या रचनेतच दोष आहे, वॉरंटी संपल्यावर कंपनीनेच आवृत्ती बदलली असल्याने जबाबदारी कंपनीचीच, नवा निर्दोष पट्टा द्यावा, हेतू-नोंदीत अंदाज असेल तिथे 'अंदाज' असेच लिहावे, आणि तक्रारदार मागते ते पत्र द्यावे. प्रमिलाने निकालाची प्रत दोनदा वाचली आणि देव्हाऱ्यात ठेवली. आठवड्याभरात कंपनीने मुंबईला राज्य आयोगाकडे अपील केले.

त्यानंतरचे वर्ष कसे गेले हे सांगण्यासारखे नाही. तारीख पडे, दोघी जात, वकील आजारी असत, पुढची तारीख पडे. एक हंगाम आला आणि गेला. प्रमिला तोच बिघडलेला पट्टा बांधून रोज आठ तास पीतांबराचे काठ काढत होती, कारण पट्ट्याशिवाय तर तेही जमेना. काठावरही श्वास थांबे, हात ओढला जाई, ती ओढ सावरी, पुन्हा ओढला जाई. दुखून दुखून दंड रात्री जड होई. जिंकलेली बाई म्हणून गल्लीत तिचे कौतुक होते, पण तिला त्याचा अगदी वीट आला होता. कधीकधी वाटे, हे भिजत घोंगडे असेच राहू दे आणि आपण स्वस्थ झोपावे.

दुसऱ्या वैशाखात अपील फेटाळले गेले. पंधरा दिवसांनी कौशिक स्वतः नवा पट्टा आणि पत्र घेऊन पेणला आला. पत्रावर कंपनीच्या प्रमुखाची सही होती आणि वाक्य प्रमिलाने मागितले होते तेच होते. नंदूशेठने ते कारखान्यात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. मग तिचा हात धरून तिला आखणीच्या बैठकीवर नेऊन बसवले.

"चुकलं आमचं, ताई," तो म्हणाला. एवढे बोलून तो चक्क थांबला.

केतकीने रजा काढली होती. सगळे भोवती उभे राहिले. प्रमिलाने नवा पट्टा बांधला, दिवा हिरवा झाला, हात शांत झाला. तिने ब्रश रंगात बुडवला, टोक काढले, श्वास धरला आणि पापणी ओढली.

रेघ वर गेली. हवी त्याहून पुष्कळ वर गेली. तिने दुसरा डोळा काढला, तोही तसाच. पाटावरचा बाप्पा कुणावर तरी डोळे वटारून बसला होता.

नंदूशेठने पेढ्यांचा पुडा मागे नेला. कौशिकने घाईघाईने फोन काढला, पट्ट्याची नोंद पाहिली, पुन्हा पाहिली आणि मान खाली घातली. केतकीने तो फोन जवळजवळ हिसकावून घेतला. निळी रेघ, लाल रेघ, एकावर एक. कुठेही 'अंदाज' लिहिलेले नव्हते.

"ही नोंद खोटी आहे," केतकी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "यांनी परत तेच केलंय. आई, आपण उद्याच अलिबागला जाऊ. मी अर्ज लिहिते."

"केतकी."

"मागच्या वेळी मी तुझं ऐकलं नाही. आता नाही मी यांचं ऐकणार."

"केतकी, बस इथे." प्रमिलाने ब्रश खाली ठेवला. "या वेळी नोंद खरी आहे."

"काय बोलतेस तू?"

"वर्षभर तो मेला पट्टा हात खाली ओढायचा. मी काठ काढताना आधीच वर उचलायची, म्हणजे सरळ यायचा. रोज आठ तास. आता ओढणारा गेला आणि हाताची उचलायची खोड राहिली." तिने आपला हात उलटासुलटा करून पाहिला. "रेघ मनात होती तशी नाही आली. पण हाताला सांगितलं ते मीच. दुसऱ्या कुणी नाही."

कौशिक पुढे झाला. "मावशी, यात काही करता येईल का ते आम्ही बघतो. तुमचा हात उचलतो तेवढा पट्ट्याने परत खाली दाबायचा, असं बसवता येईल. आठ दिवसांत..."

"नको," प्रमिला म्हणाली. "तुझा पट्टा चांगला आहे, बाळा. त्याला काही करू नकोस."

"पण मग हे नुकसान भरून कोण देणार?" केतकीला रडू फुटले. "कायद्यात कुठे बसवायचं हे? कुणाविरुद्ध तक्रार करायची?"

प्रमिलाला त्या क्षणी फार दमल्यासारखे वाटले. दोन वर्षे ती 'चूक माझी नाही' हे एवढेच वाक्य घेऊन दारोदार फिरली होती, आणि आता ते कागदावर मिळाल्यावर चूक तिच्या घरी राहायला आली होती. तिला राग यायला हवा होता. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच रेघेच्या आणि तिच्या मध्ये कुणी नव्हते, आणि त्या दमणुकीतही तिला ते बरे वाटले.

"त्याची चूक होती तोवर मला तिथे हात घालता येत नव्हता," ती म्हणाली. "ही माझी आहे. हिच्यासाठी तारीख मागावी लागणार नाही."

तिने ओल्या फडक्याने देवाचे दोन्ही डोळे पुसून टाकले आणि नंदूशेठकडे वळून म्हणाली, "आखणी या वर्षी त्या बाईंकडेच राहू द्या. मला एक पांढरी फरशी द्या आणि कोपऱ्यात जागा द्या. ही खोड कधी जाईल ते सांगता येत नाही."

नंदूशेठने स्वतः फरशी आणली. लोक हळूहळू आपापल्या कामाला गेले. कौशिक पनवेलची गाडी पकडायला निघाला. केतकी डोळे पुसत आईजवळ खाली बसली आणि पाण्याची वाटी धरून राहिली. प्रमिलाने पहिली रेघ काढली, ती वर गेली. दुसरी वर गेली. तिसरी, चौथी, सगळ्या वर गेल्या. पाचवीला ती म्हणाली, "जरा कमी झालं का गं?"

केतकीने वाकून नीट पाहिले.

"नाही, आई," ती म्हणाली.

"बरं," म्हणून प्रमिलाने फरशी पुसली आणि सहावी काढायला घेतली.